गुजरीतला काटा

दुपारी गुजरीत गिऱ्हाईक नसतं
तेव्हा मी सुधन्वा पोतदाराच्या काट्यावर
माझं सामान ठेवतो.
सोन्याचा काटा, काचेच्या पेटीतला,
वाऱ्यानंही हलतो म्हणून पंखा बंद.
लोखंडी हूक, दोन : एकशे अठ्ठावन्न ग्रॅम.
उद्यमनगरात माझ्याच लेथवर काढलेले
ॲल्युमिनियमचे : सेहेचाळीस.
"सोनं असतं तर बुडाला असतास की रे,"
तो म्हणतो, घाम पुसतो
आणि वहीत लिहून ठेवतो. सवय.

मोटारसायकलला वजन कळत नाही.
दहा वर्षं तिच्या मागच्या शीटवर
रबरी पट्ट्यांनी आवळून काय काय नेलं :
ट्रकची ताडपत्री, विहिरीचा असावा असा दोर,
पितळी स्टोव्ह, घोंगडं,
एकदा तर कळ्यातून घेतलेलं कलिंगड.
भुईबावड्याच्या वळणांवर कुरकुरायची जरा.
मी म्हणायचो, चेनला तेल पाहिजे.

मग गेल्या मार्गशीर्षात पन्हाळ्यावर गाडी लावली
आणि मसाईचं पठार पायांनी घेतलं.
तेच सामान. पाठ माझी.
दुसऱ्या कोसाला दोर बोलायला लागला,
तिसऱ्याला स्टोव्ह.
ताडपत्रीला मी शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

रात्री झोळी बांधली, दोन झाडांत,
तेव्हा आणखी एक गोष्ट समजली :
जमिनीवर झोपणाऱ्याला थंडी वरून येते,
टांगून घेतलेल्याला खालून.
अंगाखाली घोंगडं दबून पापड होतं
आणि वारा मणके मोजत बसतो,
एक एक, पोतदारासारखा.

म्हणून लक्ष्मीपुरीत शमशाद मुजावरकडे गेलो.
ती रिक्षाची हूडं शिवते.
म्हटलं, वाकळ हवी, पण पातळ, कापूस नको, फायबर घाला,
आणि ती झोळीच्या बाहेरून, खालून लटकायला हवी,
पाठीनं दबता कामा नये.
तिनं तोंडातला दोरा दातानं तोडला.
"बाळ कितीचं?"
"सत्तेचाळीस वर्षांचं."
शिलाई मशीन थांबवून हसली,
पण माप नीट घेतलं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.
पायाला काय, म्हणाली, मोजे घाल.

वाकळ : पाचशे दहा.
नवी ताडपत्री, छत्रीच्या कापडाची : तीनशे चाळीस.
दोराच्या जागी बारीक विणलेली सुतळी,
चपलेच्या नाडीएवढी, म्हैस टांगली तरी तुटणार नाही : बावीस.
पोतदार रकाना जोडतो, खूश होतो,
जणू त्याच्याच पाठीवरनं उतरलं.

शेवटी मी दोन पट्टे ठेवले.
चार बोटं रुंद, रिक्षाच्या शीटच्या निवारीचे.
काटा वर गेला.
"हे वाढलं की! जुना दोरच बरा होता की झाडाला."
मी म्हटलं, राहू दे. लिही.

दाजीपूरच्या वाटेला एक जांभूळ आहे.
त्याला मी पाच हिवाळे तोच दोर बांधला,
त्याच जागी, कारण तिथून धरणाचं पाणी दिसतं.
या खेपेला टॉर्च मारला तर
सालीत गोल खाच, करंगळी जाईल एवढी,
कडेला डिंक, डिंकात मुंग्या.
सुधन्वाला हे सांगायला गेलो असतो तर
त्यानं डिंकाचाही भाव काढला असता.

पट्टा मी वीतभर वर बांधला.
पडून राहिलो. पाठीला ऊब होती, पहिल्यांदाच.
वारा आला, झाड हललं, मी हललो,
आणि मनात हिशेब लागला :
हूक, सुतळी, वाकळ, सगळं मिळून
वाचवले पावणेतीन किलो.
जांभळानं रात्रभर धरलं ते
शहाण्णव.
पोतदाराच्या वहीत त्याचा रकाना नाही.

सकाळी गाडीला किक मारली.
कुरकुरली.
खाली उतरून आधी चेन बघितली,
मग आरशात पोट.